तुम्ही विचारलंत म्हणून: कॉपीतला सीक्वेन्स उडवायचा का?

पोस्टग्रेस या डेटाबेसवर नव्याने आलेली मंडळी हटकून विचारतात: डेटाबेसची कॉपी घेतली, आता आयडीचं ऑटो-इन्क्रिमेंट (नव्या ओळीला पुढचा नंबर आपोआप मिळणं; इथे तो सीक्वेन्स नावाचा काउंटर देतो) ठेवायचं की काढायचं? आणि काढायला गेलं की एरर का येते?

टेस्टिंगची कॉपी असेल तर हात लावू नका, तिथे नव्या नोंदी पडणारच. पण जुना डेटा साठवायला किंवा रिपोर्टसाठी घेतलेली कॉपी असेल, तर काढाच. तिथली प्रत्येक ओळ मूळ डेटाबेसातून आपला नंबर घेऊनच यायला हवी. कुणी आयडी न देता ओळ घातली, तर सीक्वेन्स निमूट एक नंबर देऊन मोकळा होतो, आणि उद्या तोच नंबर मूळ टेबलात भलत्याच ग्राहकाला मिळतो. सीक्वेन्स नसेल तर 'नॉट नल'ची (आयडी रिकामा चालणार नाही, अशी) एरर जागच्या जागी येते. ती यायलाच हवी.

टेबल बनवताना कॉलमचा प्रकार म्हणून 'सीरियल' लिहिलं की एक इंटिजर कॉलम, एक स्वतंत्र सीक्वेन्स आणि कॉलमच्या डीफॉल्टमध्ये 'नेक्स्टव्हॅल' (सीक्वेन्सकडून पुढचा नंबर मागणारं फंक्शन), एवढं तयार होतं. डीफॉल्ट सीक्वेन्सवर अवलंबून, म्हणून थेट 'ड्रॉप सीक्वेन्स'ला नकार मिळतो. आधी कॉलमवर 'ड्रॉप डीफॉल्ट', मग सीक्वेन्स. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची एकमेव ओळख) जागेवर राहते. 2017 च्या दहाव्या आवृत्तीत आलेला आयडेंटिटी कॉलम (सीरियलचा नवा पर्याय) असेल तर 'ड्रॉप आयडेंटिटी' एका फटक्यात दोन्ही कामं करतं.

खरी गोची होते ती त्याच डेटाबेसात 'क्रिएट टेबल'ला 'लाइक' आणि 'इन्क्लुडिंग ऑल' लावून, म्हणजे जुन्या टेबलाच्या साच्यावरून, नवं टेबल काढलं की. सीरियल कॉलमचं डीफॉल्ट जसंच्या तसं उचललं जातं, म्हणजे 'ऑर्डर्स_जुने' हे टेबलही 'ऑर्डर्स'च्याच सीक्वेन्समधून नंबर घेतं. मूळ टेबलात 5001 नंतर एकदम 5003 दिसतो. (रोलबॅक झालेला, म्हणजे व्यवहार मागे घेतल्याने वाया गेलेला, नंबरही परत येत नाही, त्यामुळे प्रत्येक फट कॉपीच्या माथी मारू नका.) अशा वेळी 'ड्रॉप सीक्वेन्स'च्या एररला वैतागून कोणी 'कॅस्केड' (अवलंबून असलेलंही सगळं उडवणारा पर्याय) लावलं, तर चालू 'ऑर्डर्स' टेबलाचंही डीफॉल्ट उडतं आणि नव्या ऑर्डरी अडकतात. इथे फक्त कॉपीवरचं डीफॉल्ट काढायचं, सीक्वेन्सला हात नाही.

मायएसक्यूएलवाल्यांना हा व्याप नाही, तिथे वेगळा सीक्वेन्स नसतोच. 'मॉडिफाय' करून ऑटो-इन्क्रिमेंट न लिहिता कॉलम पुन्हा मांडायचा. मात्र पूर्ण मांडा, नाहीतर 'अनसाइन्ड'ही (ऋण आकडे न घेण्याची खूण) त्याबरोबर जातं.