तुम्ही विचारलंत म्हणून: व्हेप बॅगेत टाकू की नको?

दादरला माझं टूर्सचं छोटंसं ऑफिस आहे आणि हल्ली व्हिसा, फॉरेक्स राहिलं बाजूला, आधी व्हेपचा, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या ई-सिगारेटचा, हाच प्रश्न येतो. हनिमूनवाली पोरं हळूच बाजूला घेऊन विचारतात, "ताई, तिकडे व्हेप चालतो ना?" आणि त्यांच्या आया फोनवर मोठ्याने, "अहो, लंडनला म्हणे सुपरमार्केटात मिळतो, मग आपल्याकडेच कसली एवढी बंदी?" प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसायची वेळ आलीये, म्हणून एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट, "तिकडे" म्हणजे कुठे ते सांगा. कारण या एका वस्तूबद्दल जगात कुणाचं कुणाशी पटत नाही.

आधी आपलंच बघू. सप्टेंबर 2019 मध्ये ई-सिगारेटवर बंदीचा वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आयात, निर्यात, ने-आण, विक्री, जाहिरात, सगळं बंद. पहिल्यांदा सापडलात तर 1 वर्षापर्यंत तुरुंग नाहीतर 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर 3 वर्षं आणि 5 लाखांपर्यंत, आणि नुसता साठा केला तरी 6 महिने किंवा 50 हजार. आता गंमत अशी की "ओढणे" हे त्या यादीत नाहीये आणि आमची पोरं कायद्यातलं तेवढंच वाचून येतात. अरे बाबा, मान्य, पण लंडनच्या हीथ्रो विमानतळावर घेतलास आणि खिशात टाकून मुंबईत सहारला उतरलास की ती आयातच झाली ना, आणि इथून घेऊन निघालास तर निर्यातसुद्धा त्याच यादीत आहे. तिकडचं बिल दाखवून उपयोग नाही. दमणला रीतसर दुकानातून घेतलेली बाटली गुजरातच्या हद्दीत शिरली की काय होतं हे आपल्याला माहितीये, तसंच हे.

आता मुंबईकर जिथे जिथे जातात तिथलं. सिंगापूरला 2018 पासून नुसतं जवळ असणंही गुन्हा, आणि सप्टेंबर 2025 पासून तर आणखी कडक, कारण तिथे व्हेपमध्ये एटोमिडेट नावाचं भुलीचं औषध मिसळलेलं सापडायला लागलं आणि सरकारने ते थेट ड्रग्जच्या यादीत टाकलं. साधा व्हेप सापडला तरी मोठ्या माणसाला पहिल्या खेपेला 700 सिंगापूर डॉलर दंड. थायलंडचं तर मला हसूच येतं, 2022 मध्ये त्यांनी गांजा मोकळा केला (पुढे 2025 मध्ये परत आवळला) पण व्हेपची आयात 2014 पासून बंद ती बंदच, आणि फुकेतला जाणाऱ्यांना वाटतं की गांजा चालतो तर हे काय चीज आहे! व्हिएतनामने 2025 लागताच बंदी घातली. मालदीवने 2024 च्या शेवटी आधी आयात आणि मग वापर बंद केला, वर नोव्हेंबर 2025 पासून 1 जानेवारी 2007 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना साधी सिगारेटसुद्धा नाही, टुरिस्ट असलात तरी.

जपानचं अजूनच वेगळं. तंबाखू न जाळता गरम करून ओढायच्या कांड्या तिथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, पण निकोटिनचं लिक्विड तसं विकता येत नाही, ते औषधात धरतात. आपल्या कायद्याने दोन्हींना एकाच पोत्यात भरलंय.

मग राहिले ते देश जिथे चालतं, आणि तिथे खरा खेळ टॅक्सचा आहे. दुबईत 2019 पर्यंत विक्रीला बंदी होती, मग परवानगी दिली आणि लगेच 100 टक्के एक्साइज टॅक्स लावला, म्हणजे घ्या, पण दुप्पट मोजा. ब्रिटनमध्ये उलटी चाल. सिगारेट सुटावी म्हणून सरकारनेच लोकांना व्हेपचे किट द्यायची योजना 2023 मध्ये जाहीर केली, नंतर शाळेतली पोरं रंगीबेरंगी डिस्पोजेबल (वापरून फेकून द्यायचे व्हेप) ओढताना दिसायला लागली तेव्हा जून 2025 पासून डिस्पोजेबल बंद केले, आणि आता 1 ऑक्टोबर 2026 पासून दर 10 मिलीला 2.20 पौंड ड्यूटी ठेवलीये, वर 20 टक्के व्हॅट. आधी निकोटिन जास्त तर टॅक्स जास्त असा विचार होता, तो सोडून सरसकट एकच रेट केला. आणि मला आवडलं ते हे की त्याच दिवशी 100 सिगारेटींमागेही 2.20 पौंड वाढवायचं ठरवलं, म्हणजे व्हेप महागला म्हणून माणूस परत सिगारेटकडे वळू नये. याला म्हणतात हिशोब.

अमेरिकेत तर देश एकच पण राज्यागणिक हिशोब वेगळा. मिनेसोटात होलसेल किमतीच्या 95 टक्के, आणि नॉर्थ कॅरोलायनात मिलीमागे फक्त 5 सेंट. किमतीवर टॅक्स लावला की महागड्या मशीनवाल्याला जास्त बसतो, मिलीवर लावला की तोच टॅक्स बारक्या बाटलीत जास्त निकोटिन भरून विकणाऱ्याच्या पथ्यावर पडतो. त्यामुळे टॅक्स कसा मोजता यावर दुकानात काय खपणार तेही ठरतं, हे आपल्याकडे कुणी बोलतच नाही.

बोलणार कसं, आपल्याकडे टॅक्सच शून्य आहे! बंदी म्हटल्यावर सरकारला एक पैसा नाही, पण माल मिळायचा थोडाच थांबलाय, कुठल्या टपरीवर मिळतो हे कॉलेजच्या पोराला विचारा. त्यात काय भरलंय ते ना विकणाऱ्याला ठाऊक ना ओढणाऱ्याला. ब्रिटनमध्ये निदान मिलीमागे 20 मिलिग्रॅमच्या वर निकोटिन नको, टाकी 2 मिलीपेक्षा मोठी नको, असे नियम तरी आहेत. आणि त्याच टपरीवर बिडी आरामात मिळते, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कौन्सिलने सिगारेटला 40 टक्क्यांत टाकायचं ठरवलं आणि बिडीला 28 वरून 18 वर उतरवलं. बिडीने फुफ्फुसं काय कमी जळतात? मी व्हेपची वकील नाही, माझ्या भाच्याने ओढलेला मला चालणार नाही, पण एकाला तुरुंग आणि दुसऱ्याला सवलत हे मला पटत नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुंबईहून निघताना नेऊ नका, येताना आणू नका. मध्ये जिथे चालतं तिथे घेतलात तर तिथेच संपवा, आणि विमानात न्यायचाच झाला तर हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही, कारण आत लिथियमची बॅटरी असते. आणि तिकीट काढताना मधला थांबा मला सांगत चला, बालीत दुकानं खुली आहेत पण तुमचं परतीचं विमान सिंगापूरवरून आहे आणि मध्ये दोन दिवस फिरायचंय, तर बालीत घेतलेला व्हेप बालीतच सोडा.