षड्जाची तार तुटली तेव्हा

पहिल्याच गाण्यात, माझ्या सोलोचं दुसरं आवर्तन चालू असताना ई तार, व्हायोलिनची सर्वांत वरची, तुटली. इलेक्ट्रिक व्हायोलिनवर तार तुटली की ते लपत नाही. तारांखालच्या घोडीला बसवलेला पिकअप वाद्यातला प्रत्येक धक्का उचलतो, त्यामुळे अँपमधून चाबूक ओढल्यासारखा कडाका निघाला. ड्रमरने चमकून वर पाहिलं, पण ताल सोडला नाही. ब्लूजचं बारा बारांचं, म्हणजे चार-चार मात्रांच्या बारा खंडांचं, चक्र कुणासाठी थांबत नाही. पाचवा बार आला होता, कॉर्ड (साथीचा स्वरसमूह) बदलली होती आणि माझा गज निघाला होता तिथे तारच नव्हती.

त्या कार्यक्रमातली बहुतेक गाणी ई मध्ये होती. गिटारची सर्वांत खालची आणि सर्वांत वरची तार ई, म्हणून गिटारवाल्यांना ही पट्टी सोयीची. आपल्या भाषेत सांगायचं तर ई हा आमचा षड्ज, आणि नेमकी त्याचीच तार गेली. माझं तोवरचं सगळं ब्लूज त्या तारेवर उभं होतं. वर चढायचं, वरच्या सुरावर लांब गज ओढायचा, भरपूर कंप द्यायचा. टाळ्या तिथेच मिळायच्या.

उरल्या तीन तारा : जी, डी आणि ए. एक तार सुटली की घोडीवरचा ताण बदलतो आणि बाकीच्यांचा सूरही किंचित हलतो. म्हणून सोलो सोडून दिला आणि उरलेल्या तारा खुल्याच, हलक्या गजाने तपासून पाहिल्या. ऐकता ऐकता अंगावर काटा आला. ई षड्ज धरला तर खुली जी म्हणजे कोमल गंधार, डी म्हणजे कोमल निषाद, ए म्हणजे मध्यम. ब्लूजला हवे असलेले तीन स्वर, एकही बोट न लावता!

तेवढ्यात गिटारचा सोलो सुरू झाला. एरवी अशा वेळी मी गज खाली करून उभी राहायचे. त्या दिवशी पहिलं बोट डी आणि ए या दोन्ही तारांवर आडवं दाबलं : ई आणि बी. दुसऱ्या बोटाने बीचा सी शार्प केला, सोडला, परत केला. गिटारवर वाजतो तो शफल, ब्लूजचा झुलता ठेका, तो हाच. ए कॉर्ड आली की तेच बोट तसंच जी आणि डी तारांवर. बी कॉर्डला त्याच दोन तारांवर दुसरं बोट आडवं. तिन्ही कॉर्ड पुऱ्या झाल्या आणि ई तारेची गरज कुठेच पडली नाही. गज मुठीजवळ, ठोके छोटे, झुलते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे अँपचा आवाज खरखरीत करणारा परिणाम, थोडा वाढवला. षड्ज-पंचमाची जोडी त्यात घट्ट राहते, गंधार मिसळला की आवाज गढूळ होतो, हे सरावातून माहीत होतं. बासवाला माझ्याकडे वळला आणि शेवटपर्यंत तसाच वळून वाजवत राहिला.

व्हायोलिन हे ब्लूजमधलं पाहुणं वाद्य आहे, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. १९३० मध्ये मिसिसिपी शीक्स या अमेरिकन बँडची ध्वनिमुद्रणं झाली त्यात लॉनी चॅटमन व्हायोलिनवर होता. ब्लूजचा गायक-गिटारवादक बिग बिल ब्रून्झी, त्याने तर गिटारच्या आधी फिडल, म्हणजे व्हायोलिनच, हातात घेतलं. पुढे शुगरकेन हॅरिसने इलेक्ट्रिक व्हायोलिनवर ब्लूज वाजवलं. हे सगळं मी लोकांना हिरिरीने सांगायचे, आणि माझ्या स्वतःच्या जी तारेवर मात्र क्वचितच उतरायचे.

मध्यंतरात पेटीच्या कप्प्यात जादा ई तार सापडली. नवी तार ताणत राहते, तासभर सूर धरत नाही, हे कारण होतंच. पण खरं सांगायचं तर मला ती लावायचीच नव्हती. परत ठेवून दिली.

शेवटचं गाणं संथ लयीतलं. ब्लूजची ओळ चार बारांची असते. गाणारी साधारण दोन बारांत म्हणून मोकळी होते, उरलेली जागा वाद्याच्या उत्तराची. आमची गायिका तालमीत कितीदा तरी म्हणाली होती, "मी श्वास घेते तिथे तू बोल ना. माझ्या शब्दांवर कशाला येतेस?" वरच्या तारेवर असताना मला ते कधी जमलं नव्हतं, हात थांबायचाच नाही. आता तिची पहिली ओळ संपेपर्यंत मी गज उचलून धरला. मग जी तारेवर, बोटं ठेवायच्या पट्टीच्या खुंट्यांकडच्या अगदी टोकाशी बोट दाबून किंचित पुढे रेटलं. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी तो सूर थांबला. कंप दिला नाही. गज संपेपर्यंत तेवढाच एक सूर.

ब्लूजमध्ये पहिली ओळ पुन्हा म्हणायची असते. ती म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेवटचा शब्द त्याच गंधारावर आणून ठेवला.