नागेश्वराची वारी आणि वाटेवरचे राखणदार

पंढरीच्या वारीचे कौतुक साताऱ्याच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही, कारण ज्ञानोबांची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण अशी आमच्याच जिल्ह्यातून जाते. त्या वारीत पुढे माणसे, मागे माणसे आणि गावागावांत पंगती असल्यामुळे कोणाला एकटे पडायची सोयच नसते. नागेश्वराची वारी त्याच्या अगदी उलट आहे. ती माघ वद्य चतुर्दशीची, म्हणजे महाशिवरात्रीची असते, आणि तिची दिशा पश्चिमेची, जिकडे गावे संपत जातात तिकडची असते. सातारा आणि रत्नागिरी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या ऐन धारेवर, वासोटा किल्ल्याच्या दक्षिणेला एका सुळक्याच्या पोटात नागेश्वराची गुहा आहे. कोकणातले भाविक खेड तालुक्यातील चोरवण्याहून खडा चढ चढून तिथे पोहोचतात, तर घाटावरून जाणाऱ्यांना बामणोलीहून लाँचने कोयना धरणाचा शिवसागर जलाशय ओलांडून मेट इंदवलीला उतरावे लागते आणि तिथून पुढे कोयना अभयारण्याचे रान तुडवावे लागते. बहुतेक लोक बामणोलीपर्यंत गाडीने जातात. आमची मंडळी मात्र साताऱ्यापासूनच चालत निघतात, कारण ज्यांनी ही प्रथा लावली त्यांच्या काळी गाड्या नव्हत्या, आणि आता गाड्या असल्या तरी प्रथा मोडायला कोणी पुढे येत नाही.

द्वादशीला उन्हे कलल्यावर आम्ही निघालो आणि यवतेश्वराच्या देवळापाशी दिवेलागण झाली. तिथे आबांनी सगळ्यांना थांबवून रात्रीचे नियम सांगितले. आबा माळकरी, निर्व्यसनी म्हणावेत तर फक्त तंबाखूचा अपवाद, आणि वाटेचे जाणकार असल्याने त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. यापुढे कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. मागून आपल्या नावाने हाक आलीच तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. पाण्यावर एकट्याने जायचे नाही, आणि शीळ तर मुळीच घालायची नाही. आमच्यातला एक अभियांत्रिकी शिकणारा मुलगा हसला, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "हस बाबा, पण यवतेश्वरापर्यंतच हस."

वद्य द्वादशीचा चंद्र पहाटेवाचून उगवत नाही, त्यामुळे घाट चढून कासच्या बाजूला वळल्यावर खरा काळोख म्हणजे काय ते कळले. पुढे रस्त्याच्या मधोमध दोन तांबडे निखारे दिसले. बॅटरी पुढे सरकवली तरी ते हलेनात, आणि अगदी दहा पावलांवर गेल्यावर एकदम उडून बाजूच्या झुडपावर जाऊन पेटले. हा रातवा. दिवसभर पालापाचोळ्यात दडून राहणारा हा पक्षी रात्री उघड्या रस्त्यावर येऊन बसतो आणि उजेड पडला की त्याचे डोळे अंगारासारखे चमकतात. हे मला ठाऊक होते, तरीही पहिल्या क्षणी पाठीवरून काटा गेलाच. ठाऊक असणे हे डोक्याचे काम आहे आणि काटा येणे हे पाठीचे, आणि रात्री दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध राहत नाही. थोड्या वेळाने दरीतून भेकराचे भुंकणे आले. हरणाच्या जातीचे एवढेसे जनावर कुत्र्यासारखे खाकरून भुंकते हे ज्याला माहीत नाही, त्याला तो आवाज कोणाचाही वाटू शकतो. आमच्या मागच्या एका मावशींनी तो खविसाचा आहे असे ठरवूनही टाकले होते.

चकवा लागला तो पठारावर. रस्ता मोठे वळण घेतो म्हणून ते टाळायला आम्ही पायवाटेने आत शिरलो. कासचे पठार दिवसा कितीही देखणे असले तरी रात्री ते माणसाला आधार देत नाही. जांभ्या कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर वाळलेले गवत, मोठे झाड जवळपास नाही, आणि चारही बाजूंना सारखाच सपाट काळोख. शेंदूर फासलेला एक दगड डाव्या हाताला मागे पडला. बऱ्याच वेळाने तसाच एक दगड पुन्हा डाव्या हाताला आला, आणि त्यावर आमच्यातल्याच कोणीतरी मघाशी लावलेली उदबत्ती अजून धुमसत होती. कोणीही बोलले नाही. आबांनी सगळ्यांना तिथेच खाली बसवले, तंबाखू काढली, सावकाश मळली आणि म्हणाले की चकव्याशी चालून जिंकता येत नाही, बसूनच जिंकावे लागते. त्या मुलाने मोबाइल काढला. नकाशावर आम्ही चाललेल्या वाटेची निळी रेघ उमटली होती आणि ती स्वतःवरूनच फिरून एका गाठीसारखी झाली होती. मुलाला वाटले की आता चकव्याचा निकाल लागला. आबांनी मात्र तो पडदा जवळ धरून नीट पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि सगळ्यांना दाखवला: "हे बघा, यंत्राला पण दिसला." चंद्राची कोर वर येईपर्यंत आम्ही तिथेच बसलो, मग पूर्व कळली आणि रस्ता सापडला. निळी रेघ हाताशी असतानाही कोणी आधी उठले नाही, तो मुलगासुद्धा नाही.

बामणोलीला सकाळी पोहोचून झोप काढली आणि त्रयोदशीची संध्याकाळ लाँच चालवणाऱ्या तांडेलाच्या अंगणात गेली. या भागातल्या गोष्टी ऐकायच्या तर त्या शिवसागरापासूनच सुरू होतात. कोयनेच्या धरणामागे सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाणी साठते, आणि त्या पाण्याखाली कोयना, सोळशी, कांदाटी या नद्यांच्या काठची भातखाचरे, देवळे आणि घरे आहेत. माणसे उठून रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी जिकडे जमीन मिळाली तिकडे गेली. ग्रामदेवतांचे तांदळे आणि मुखवटे कापडात गुंडाळून त्यांनी बरोबर नेले, नव्या वसाहतींत त्यांची पुन्हा स्थापना केली. "देव हलवता येतात," तांडेल म्हणाला, "पण आसरा कशा हलवणार?" साती आसरा म्हणजे डोहात राहणाऱ्या सात जणी, त्या डोहाच्या असतात, गावाच्या नसतात. गाव गेले, डोह मात्र मोठ्या पाण्याच्या तळाशी तसाच राहिला, आणि त्याच्या मते त्या अजून तिथेच आहेत, फक्त आता त्यांच्या डोक्यावर पाणी जास्त आहे.

त्याच अंगणात भूकंपाचा विषय निघाला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. धरणात साचलेल्या पाण्यामुळे जमिनीखालच्या भेगांवर ताण येऊन असे धक्के बसतात, असे अभ्यासक सांगतात, आणि या खोऱ्यात लहान धक्के अजूनही बसतात. पण आकडे आणि कारणे बाजूला ठेवली तर त्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना आठवत होता तो आवाज. धक्क्याच्या आधी जमिनीतून गाडा ओढल्यासारखा गडगडाट येतो, म्हणाल्या, आणि तो वेताळाच्या पालखीचा असतो. वेताळ पूर्वी गावाच्या शिवेवरून फिरायचा. आता शीव पाण्यात गेल्यामुळे त्याला खालून फिरावे लागते. मला हे शास्त्रज्ञांच्या सांगण्याहून फार वेगळे वाटले नाही. दोघांच्याही मते मूळ कारण पाणीच होते.

चतुर्दशीला पहाटे बेल, फुले आणि उपवासाची रताळी घेऊन आम्ही लाँचमध्ये बसलो. मध्ये एका ठिकाणी, जिथे काठावर खूण म्हणावी असे काहीच नव्हते, तांडेलाने इंजिन बंद केले. मावशींनी हळद-कुंकू, खण आणि हिरव्या बांगड्या पाण्यात सोडल्या. डोह नेमका इथेच आहे हे कशावरून, असे मी विचारले, तेव्हा तांडेलाने समोरच्या डोंगराची एक सोंड आणि मागच्या डोंगरातली एक खिंड बोटाने जुळवून दाखवली. त्याच्या बापाने त्याला ते शिकवले होते. त्या दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे खाली डोह, डोहाच्या वर वडाचे झाड आणि वडाच्या अंगाला तांडेलाचे घर. आसरांची गोष्ट नसती तर ही आकडेमोड कोणी कशाला पाठ केली असती? या रानातल्या भुताखेतांविषयी मला जे म्हणायचे आहे ते एवढेच आहे: ज्यांच्या सात-बाऱ्यावर आता फक्त पाणी किंवा अभयारण्य उरले, त्यांचे पत्ते या गोष्टींनी सांभाळले आहेत. मुंजा म्हटला की पिंपळ आला, पिंपळ म्हटला की पार आला आणि पार म्हटला की कोणाचा वाडा कोणत्या अंगाला होता तेही आलेच.

मेट इंदवलीला वन विभागाच्या चौकीत नावे लिहिली आणि प्रत्येकाजवळच्या प्लास्टिकच्या बाटल्या व पुड्या मोजून त्यांचीही नोंद झाली, कारण जेवढे आत नेले तेवढे बाहेर आणावे लागते. तिथून रान सुरू होते. पूर्वीच्या गावाचे चौथरे झाडीत अजून दिसतात. अंजनी, जांभूळ आणि हिरड्यांच्या गर्दीत मध्येच एखादा आंबा उभा असला की तिथे घर होते असे समजावे. मी घोळक्याच्या जरा पुढे होतो. एका चौथऱ्यापुढे नऊवारी नेसलेली एक म्हातारी शांतपणे अंगण झाडत होती. घराला भिंती नव्हत्या, छप्पर नव्हते, दाराच्या जागी करवंदीची जाळी होती, आणि अंगण मात्र स्वच्छ झाडलेले होते. मी थबकलो. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "बस की. पाणी घेतोस?" तांब्या खरा होता, पाणी गार होते. ती पहिल्या लाँचने नातवंडांबरोबर आलेली होती आणि वर चढणे झेपत नसल्यामुळे दरवर्षी ती इथेच शिवरात्र करते. मी धीर करून विचारले की एकटीला इथे भीती वाटत नाही का, लोक या रानात काहीबाही आहे म्हणतात. ती झाडता झाडता म्हणाली, "म्हणत्यात खरं. आमीच न्हवं का ती."

ओढ्याकाठच्या मारुतीला नमस्कार करून आम्ही चढाला लागलो, आणि फाट्यावर वासोट्याची वाट उजवीकडे सोडून नागेश्वराची धरली. वासोट्याला शिवकाळात व्याघ्रगड म्हणत, आणि तिथला मुख्य उपयोग कैदखान्याचा. राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी तिथे होते, आणि पुढे १८१७-१८ मध्ये पेशवाई बुडता बुडता पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन अधिकारीही तिथेच अडकले होते. बाबूकड्याच्या काठावर रात्री साखळदंड वाजतात असे त्यामुळेच म्हणत असावेत. वासोट्यावर सर्वांत जास्त काळ दरारा राहिला तो मात्र कोण्या भुताचा नव्हे, तर ताई तेलिणीचा. पंतप्रतिनिधींच्या बाजूने तिने हा किल्ला पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांविरुद्ध इतका लढवला की "तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा" ही ओवी आजही चढ चढताना कोणीतरी म्हणतेच.

धारेवरून चालताना डाव्या हाताला कोयनेचे रान आणि उजव्या हाताला एकदम तुटलेले कोकण, असा तो पट्टा आहे. गुहेत मात्र भयाचे काहीच नव्हते. चोरवण्याहून चढून आलेल्यांची रांग, घंटेचा नाद, ओल्या बेलाचा वास, आणि छतातून पिंडीवर थेंब थेंब गळणारे पाणी. फाल्गुन तोंडावर आला, खालचे ओढे आटले, तरी ते गळतच असते. मी पिंडीला हात लावून उठत असताना पायाखाली एक बारीक धक्का जाणवला आणि मागोमाग दूरवर गाडा ओढल्यासारखा आवाज झाला. लोकांनी एका सुरात "हर हर महादेव" केले आणि रांग पुन्हा सरकू लागली. आबांनी माझ्याकडे फक्त पाहिले.

उतरून चौकीवर आलो तेव्हा सूर्य मावळतीला होता. वनरक्षकाने बाटल्या मोजल्या, त्या बरोबर भरल्या. मग माणसे मोजली, ती सकाळपेक्षा एक जास्त झाली. पुन्हा मोजली, तरी एक जास्तच. मावशी माझ्या मागे सरकल्या आणि तो अभियांत्रिकीचा मुलगा आबांच्या. शेवटी घोळक्यातला टोपीवाला एक म्हातारा पुढे आला. तो कोकणात वसवलेल्या धरणग्रस्तांपैकी होता, चोरवण्याची वाट चढून आला होता, आणि पूर्वीच्या आपल्या गावावरून एकदा लाँचने जावे म्हणून आमच्यात मिसळून उतरला होता. वनरक्षकाने वही काढली आणि गाव विचारले. म्हाताऱ्याने पाण्याखालचे गाव सांगितले. ते आता नाही, सध्याचे सांगा, असे वनरक्षक म्हणाला. मी आलो तो सध्याच्या गावाहून, पण जातोय त्या गावाला, असे म्हाताऱ्याचे म्हणणे पडले. बराच वेळ वाद झाल्यावर वहीत दोन्ही गावे लिहिली गेली. तांडेलाने त्याच्याकडून अर्धेच भाडे घेतले, कारण त्याचे गाव अर्ध्या वाटेवर येते. पण उतरणार बामणोलीला तर पूर्ण का घेत नाहीस, मी काय फुकट्या आहे का, या मुद्द्यावर म्हातारा त्याच्याशी बामणोलीचा धक्का येईपर्यंत भांडत होता.