नायजरमधले ठिपके

आज दिवसभर नायजर देशाच्या दक्षिण भागाची जुनी-नवी चित्रं बघत बसले होते. झिंदर आणि मराडी हा पट्टा. साहेल, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा कोरडा पट्टा, म्हटलं की वाळवंट पुढे सरकतंय, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं. आणि इथे १९७५च्या हवाई छायाचित्रांतली उघडीबोडकी शेतं पुढच्या उपग्रहचित्रांत ठिपक्यांनी भरलेली! प्रत्येक ठिपका म्हणजे शेतातलं एक झाड.

ही झाडं बहुतेक कुणी लावलेली नाहीत. तोडलेल्या झाडांची मुळं मातीखाली जिवंत होती. पेरणीआधी सगळे फुटवे छाटण्याऐवजी शेतकऱ्यांनी त्यातले दोन-चार जोमदार राखले, बस्स. आधी का राखत नव्हते? वसाहतकाळापासून झाड सरकारच्या मालकीचं. मग कोण जपेल? १९८०च्या दशकापासून ती पकड सैल होत गेली आणि सुमारे ५० लाख हेक्टरवर झाडं परतली.

त्यातलं गाओ तर अफलातून झाड. ऐन पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे बाजरीला सावलीचा त्रास नाही. कोरड्या दिवसांत हिरवंगार, आणि शेंगा गुरांना.

पाऊस सुधारला त्याचाही वाटा आहेच, ते नाकारून चालणार नाही. पण निव्वळ पावसाचं श्रेय म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मालकी कुणाची, हा प्रश्न भूगोलाच्या तासाला यायलाच हवा.

पुढच्या आठवड्यात मुलांसमोर ही दोन्ही चित्रं शेजारीशेजारी ठेवणार आहे, आधी काहीही न सांगता.