तीन गिटारींचं गाणं आणि एकच गिटारवाला

ज्या बँडला इतकी वर्षं हेडफोन लावून ऐकलं त्यांना काल एका छोट्याशा क्लबात ऐकलं, अगदी समोर उभं राहून, आणि लगेच लिहायला बसले कारण थांबले तर सगळं 'कसलं भारी होतं' एवढ्यावरच संपेल. बँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर बोलणं तिकडेच वळणार. तिघं जण आहेत, गिटार, बेस, ड्रम्स, आणि गातो गिटारवालाच. एवढं पुरे.

मुद्दा असा की छोट्या जागेत बँड खरंच वेगळा ऐकू येतो, मी फॅन आहे म्हणून म्हणत नाहीये. मोठ्या मैदानात आपल्यापर्यंत पोचतं ते सगळं स्पीकरमधून, साउंडवाल्याने मिक्स करून दिलेलं. शिवाय १०० मीटर मागे उभं असलं की आवाज यायला जवळपास ०.३ सेकंद लागतात, म्हणजे ड्रमरची काठी पडलेली आधी दिसते आणि ठोका मागून येतो. छोट्या क्लबात हे काही नाही. ड्रम्सना माइकची फारशी गरज नसते, गिटार थेट मागच्या अँपमधून (अँप्लिफायरमधून) येते आणि स्पीकरवर मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज. त्यामुळे आपण कुठे उभे आहोत त्यावर आपलं मिक्स ठरतं! मी आधी गिटारच्या अँपसमोर होते, तिथे नुसती गिटारच गिटार, बाकीचे दोघं हात हलवताना दिसत होते फक्त. मग सरकत सरकत साउंडवाल्याच्या टेबलापाशी गेले आणि एकदम सगळं जागेवर आलं. पुढे घुसणाऱ्यांना सांगून उपयोग नाही, पण सगळ्यात चांगली जागा तीच.

गाण्याचे शब्द मात्र निम्मे कळले नाहीत. त्यात साउंडवाल्याचा दोष नाही, आवाज आणखी वाढवला की तो मॉनिटरमधून, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरमधून, परत माइकमध्ये शिरतो आणि ती कानफाड शिट्टी सुरू होते, त्यामुळे बिचारा एका मर्यादेपुढे जाऊच शकत नाही. आम्हाला सगळं पाठ होतं म्हणून चाललं.

आता खरी गंमत. त्यांचं माझं सगळ्यात लाडकं गाणं आहे त्यात रेकॉर्डवर किमान तीन गिटारी एकावर एक चढवल्यात, एक रिफ (परत परत येणारी छोटी धून), एक मागे नुसती घुमणारी, आणि वर सोलो. आणि स्टेजवर गिटारवाला एकच! मला कायम वाटायचं की सोलो आला की खालचं सगळं रिकामं होणार. झालं उलटंच. सोलो सुरू व्हायच्या अर्धा क्षण आधी बेसवाल्याने पायाने एक पेडल दाबलं, बेसचा आवाज फाटला, जाड झाला, आणि रिफ त्याने स्वतःकडे घेतला, ड्रमरने हाय-हॅट ही छोटी झांजेची जोडी सोडून क्रॅश या मोठ्या झांजेवर मारायला सुरुवात केली म्हणजे वरची जागाही भरली. तिघांनी मिळून न बोलता चौथा माणूस उभा केला. हे रेकॉर्डवर कधीच कळलं नसतं, तिथे भोकच नव्हतं तर बुजवणार काय. आणि लांबून मोठ्या पडद्यावर कळलं नसतं कारण कॅमेरा तेव्हा गिटारवाल्याच्या बोटांवर असतो, बेसवाल्याच्या बुटावर कोण कॅमेरा लावतो.

बीटल्स १९६१ ते १९६३ मध्ये लिव्हरपूलच्या केव्हर्न क्लबच्या तळघरात जवळपास तीनशे वेळा वाजले, रमोन्स हा पंक बँड न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबमधून वर आला, हे सगळं वाचलेलं असतंच. पण मला जास्त आवडतो तो १९७७चा किस्सा. रोलिंग स्टोन्स तोवर स्टेडियम भरवत होते, तरी टोरंटोच्या एल मोकॅम्बो या छोट्या क्लबात 'कॉक्रोचेस' असं खोटं नाव लावून वाजले. कशाला? माझा अंदाज, समोरचा माणूस कंटाळला तर त्याचं तोंड दिसायला हवं म्हणून. काल एका संथ गाण्यात लोक गप्पा मारायला लागले तर आमच्या गिटारवाल्याने एक कडवं चक्क गाळलं आणि पुढच्यावर उडी मारली, बाकीचे दोघं एका ठोक्यात त्याच्या मागे!

इअरप्लग घाला हं, प्लीज. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या हिशोबात ८५ डेसिबलला आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. बंद खोलीत ड्रम्स असले की १०० सहज होतात. आणि प्लग घातले की शब्द उलट बरे कळतात, करून बघा.

शेवटी त्यांनी एक नवं गाणं वाजवलं, अजून रेकॉर्ड न केलेलं. शब्द ठरलेलेच नसावेत, दुसऱ्या कडव्यात तो नुसतं आ-ऊ करत होता, पण बेसची ओळ अशी होती की अजून डोक्यातून जात नाहीये. अल्बममध्ये येईल तेव्हा नक्की घेणार, फक्त त्यावर परत चार गिटारी चढवू नका रे बाबांनो.