बेड उतू गेला

मंगळवार, रात्री साडेअकरा

आज बेड, म्हणजे खालून हवा फुंकून खदखदवलेला पावडरीचा थर, पुन्हा उतू गेला. संगणकातला. खालच्या लॅबमधला ॲक्रिलिकचा कॉलम आपला शहाण्यासारखा 50 सेंटिमीटरवर खदखदतोय आणि माझ्या स्क्रीनवर तीच पावडर, तीच हवा, 90 च्या वर.

गेला आठवडाभर मी खुशीत होते, कारण दाब जुळत होता. मॅनोमीटरवर 33 सेंटिमीटर पाणी, संगणकातल्या रनमध्येही 33. आज सरांना मोठ्या ऐटीत दाखवलं. म्हणाले, "अगं, जुळणारच ना! हवेनं पावडरीचं वजन तोललंय, आणि वजन तूच भरलंयस." कान गरम झाले. खरंच की. बेड कितीही फुगला तरी वजन तेवढंच. म्हणजे दाब जुळला यात माझ्या मॉडेलची काहीच करामत नव्हती.

कण 75 मायक्रॉनचे. एवढे बारीक कण सुटे राहत नाहीत, पुंजके करतात, आणि हवा पुंजक्यांना वळसा घालून निघून जाते. माझी मेश, म्हणजे हिशोबासाठी कॉलमचे पाडलेले चौकोनी तुकडे (सेल), 5 मिलिमीटरची. एका सेलमध्ये पुंजका आणि शेजारची मोकळी जागा दोन्ही मावतात. कोड बिचारा सरासरी काढतो, आणि ड्रॅगचं, म्हणजे हवा कणांना किती जोरानं ओढते त्याचं, अर्गुनचं 1952 चं सूत्र काय की वेन-यूचं 1966 चं काय, कण सगळीकडे सारखे पसरलेत असंच धरून चालतं. मग ड्रॅग भरमसाट येतो आणि बेड उतू जातो.

मेश कणाच्या दहापट, म्हणजे पाऊण मिलिमीटर केली, तर जवळपास 300 पट सेल. टाइम स्टेप, म्हणजे हिशोबातली वेळेची पायरी, तीही त्यासोबत बारीक. हा रन संपेपर्यंत माझी फेलोशिप संपेल.

ड्रॅगला 0.3 ने गुणलं की उंची बरोब्बर बसते, तेही करून पाहिलं. मोह होतो. पण हवेचा वेग बदलला की पुन्हा नवा आकडा शोधायचा, हे काही खरं नाही.

जेवणानंतर खाली जाऊन ब्लोअर लावला. पावडरीत पट्टी सोडली, पाण्यात जावी तशी गेली. ब्लोअर बंद केला, थोडं थांबले, आणि पट्टी ओढून निघेना.

आता पूर्ण कॉलम बाजूला. संगणकातच सगळ्या बाजूंनी 3 सेंटिमीटरचा छोटा डबा, पाऊण मिलिमीटरची मेश, 64000 सेल. पुंजके असताना ड्रॅग किती भरतो ते आधी यातच मोजायचं. रन लावलाय. सकाळपर्यंत डब्यातले दोन सेकंद झाले तरी पुष्कळ.