तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीला टीव्हीच्या गाण्याच्या स्पर्धेत पाठवू का?

वर्षातून पंधरा-वीस वेळा तरी हा प्रश्न माझ्यापुढे येतो. माझा गाण्याचा क्लास सुटल्यावर चपला घालता घालता पालक विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाई विचारतात, परवा तर सांगलीत विश्रामबागला भाजी घेताना एकीनं हात धरूनच विचारलं, "बाई, पोरीला टीव्हीच्या स्पर्धेत पाठवू का? नाव होईल का तिचं?" रस्त्यात उभ्या उभ्या मी "बघू, घेऊन या" एवढंच म्हणते आणि घरी आल्यावर रुखरुख लागते. म्हणून आज नीट लिहिते.

या स्पर्धांना नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. 2008-09 मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' चालू होतं, ते दिवस मला लख्ख आठवतात. माझ्या क्लासची मुलं दुसऱ्या दिवशी आली की आधी तोच विषय. तिथं गुण सुरांत द्यायचे, म्हणून काल कुणाला 'नी' मिळाला, कुणाला 'वरचा सा' मिळाला. ज्या पोरांना सप्तक समजावताना माझा घसा बसायचा, ती स्वतःहून वरच्या षड्जाबद्दल बोलायला लागली होती. फेब्रुवारी 2009 मध्ये आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली आणि त्या जूनमध्ये माझ्याकडे अकरा मुलांची चौतीस झाली. त्यातली निम्मी दिवाळीपर्यंत गळाली, पण उरली ती टिकली. एका कार्यक्रमानं सांगली-मिरजेतल्या कितीतरी घरांत पेटी आली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तर नाव होतं का? होतं. कार्तिकीचं झालं, तिच्याबरोबरच्या आर्या, मुग्धा, प्रथमेश, रोहित या सगळ्यांचं झालं. पण कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गवई. आर्याची आई श्रुती आंबेकर शास्त्रीय गायिका आणि तीच तिची गुरू. ही मुलं कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तेव्हा घरातल्या तालमीची वर्षं त्यांच्या गळ्यात होती. कार्तिकी अभंग, गवळण गायची तेव्हा मला तिच्या आवाजाइतकंच तिचं निवांतपण आवडायचं. जे रोज घरी गाते तेच ती तिथं गात होती.

पालक मला विचारतात ते नाव होण्याबद्दल. नावानंतर काय, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. हिंगणघाटची वैशाली माडे 2009 साली हिंदी 'सा रे ग म प' जिंकली. तिनं गायलेलं 'बाजीराव मस्तानी'तलं 'पिंगा' आलं 2015 साली. अरिजित सिंग 2005 मध्ये 'फेम गुरुकुल' या हिंदी गाण्याच्या स्पर्धेत होता, अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला आणि देशभर घराघरांत पोहोचला तो 2013 साली. म्हणजे एकीकडे सहा वर्षं, दुसरीकडे आठ. ही वर्षं कुणी दाखवत नाही. त्या वर्षांत घरभाडं असतं, छोटे कार्यक्रम असतात, फोनची वाट बघणं असतं. आणि या सगळ्यातून गळा शाबूत राहावा लागतो. आवाजच खराब झाला, तर संधी दारात आली तरी काय घेऊन जाणार?

आता एका मुलीबद्दल सांगते. नाव-गाव सांगत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातून एक द्राक्षबागायतदार आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. ऑक्टोबर छाटणी नुकतीच उरकली होती, हाताला काडीवर लावायच्या पेस्टचा रंग तसाच होता. "बाई, पुढच्या महिन्यात पुण्याला ऑडिशन हाय. तेवढं जरा तयार करून द्या." मुलीनं मोबाइल पेटीला टेकवून उभा केला, ट्रॅक म्हणजे गाण्याचं नुसतं वाजवलेलं संगीत लावलं आणि गायला लागली. आवाज सुरेख, भरीव. पण अंतऱ्याला वरच्या गंधारावर गेली की हनुवटी वर, खांदे कानाशी आणि मानेची शीर टचटचीत.

मी विचारलं, "तुझी पट्टी कुठली गं?" पट्टी म्हणजे आपल्या गळ्याला सोसेल असा 'सा' पेटीवर जिथं येतो ती जागा.

म्हणाली, "ट्रॅकची."

हे उत्तर मला आजही दर आठवड्याला ऐकायला मिळतं. मूळ गायिकेनं ज्या पट्टीत गायलं, त्यातच ट्रॅक असतो, आणि दुसऱ्या कुणाच्या गळ्याला शोभणाऱ्या त्या उंचीवर आपली मुलं दिवसरात्र चढत राहतात. माप न घेता शिवलेला झगा अंगात घालावा आणि शिवण उसवेपर्यंत हात वर करत राहावं, तसं.

तिचा ट्रॅक काळी पाचचा होता, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा. मी मोबाइल बंद केला आणि पेटी पुढ्यात ओढली. "नुसता 'आ'कार लाव. गाणं नको." काळी पाचवर लावला, ताणलेला. मग एकेक पट्टी खाली उतरलो. पांढरी सहावर थोडा बरा. काळी चारवर खांदे खाली आले. पांढरी पाचवर आल्यावर तिनं आपणहून डोळे मिटले. मग मी तानपुरा काढला, पांढरी पाचला मिळवला, घोडीवर तारांखालचं सूत हळूहळू सरकवत जवारी, म्हणजे तारेची ती गुंजती आस, खुलेपर्यंत थांबले. इतका वेळ ती गप्प बसून नुसती ऐकत होती. मग तिनं षड्ज लावला, तिथून मंद्र पंचमापर्यंत उतरली, आणि त्या खालच्या सुरांत जे काही होतं ते ट्रॅकनं तिला कधी गाऊच दिलं नव्हतं. दाराशी बसलेले वडील म्हणाले, "बाई, ह्यो आवाज हिचाच का?"

दीड सूर खाली यायचं, एवढंच होतं. ऑडिशनला ती त्याच पट्टीत गायली आणि निवड झाली. मग मुंबईला पुढची फेरी. गावात चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. तिथं मात्र तिला सांगण्यात आलं की खाली गाऊ नकोस, एनर्जी कमी वाटते, मूळ पट्टीत गा. तेरा वर्षांची पोर, समोर दिवे, मोठी मोठी माणसं. ती कशी नाही म्हणणार? गायली. वरचा सूर फाटला. बाहेर पडली आणि नेमका तो फाटलेला सूर टीव्हीवर दाखवला गेला. रात्री साडेअकराला वडिलांचा फोन आला. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तिचं काय चुकलं, बाई?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी तेव्हा त्यांना हेच सांगितलं. आजही त्या दृश्याचा मला राग येतो. सूर फाटतो तेव्हा गाणाऱ्याला काय होतं, हे ज्यानं एकदा तरी मनापासून गायलंय त्याला सांगावं लागत नाही. आणि लेकरू आहे हो ते.

चार महिने ती गायली नाही.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती पालकांना कुणी आधी सांगत नाही. बारा-चौदाच्या सुमाराला मुलाचा आवाज फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, फक्त तितका जाणवत नाही. नेमक्या त्याच वयात पोरगा टीव्हीवर गाजलेला असला, तर गणपतीत प्रत्येक मंडळाला तेच गाणं त्याच आवाजात हवं असतं. माझ्या एका विद्यार्थ्यानं त्या वर्षी नऊ दिवसांत अकरा कार्यक्रम केले. नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला तीन महिने गाणं बंद करायला लावलं. कार्यक्रमांना हो म्हणणाऱ्या आई-वडिलांना दोष देत नाही, त्यांना माहीतच नव्हतं. पण तुम्हाला आता माहीत आहे, तेव्हा आवाज फुटत असताना मुलाला स्टेजवर ढकलू नका. 'लिटिल चॅम्प्स'मधला लातूरचा रोहित राऊत लहानपणीच्या त्या यशानंतर दहा वर्षांनी 'इंडियन आयडॉल'मध्ये पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला, मोठ्या माणसाच्या आवाजात, आणि अंतिम फेरीपर्यंत गेला. त्याचं मला फार कौतुक वाटतं. सगळं गाव ओळखत असताना पुन्हा रांगेत उभं राहायला छाती लागते.

तासगावची ती मुलगी परत आली ती बेदाण्याच्या दिवसांत. वडील गाडी घेऊन बाहेरच थांबले, आत आले नाहीत. मी काही विचारलं नाही. त्या वर्षी मिरजेला ख्वाजा शमना मीरांच्या उरुसात मी तिला घेऊन गेले. किराणा घराण्याचे थोर गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी तिथं दर्ग्याच्या आवारात गाणं होतं, मोठमोठे कलाकार बिदागी न घेता हजेरी लावतात. रात्र चढत गेली तशी ती सतरंजीवर पुढे पुढे सरकत गेली. एक वयस्कर गवई मध्येच थांबले, तानपुरा पुन्हा मिळवून घेतला, चांगली चार-पाच मिनिटं गेली त्यात. कुणी जागचं हललं नाही. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "बाई, हे थांबले तरी चालतं?" पुढच्या रविवारी स्वतःहून क्लासला आली आणि तानपुऱ्याची गवसणी काढून बसली. यंदा ती गाण्याच्या विशारद परीक्षेला बसली आहे. टीव्हीवर पुन्हा जायचं म्हणतेय आणि मी नको म्हटलेलं नाही. यावेळी मीही बरोबर जाणार आहे.

तेव्हा पाठवा की नको, हे मुलगी न ऐकता मला सांगता येणार नाही. रविवारी सकाळी आठला तिला घेऊन या. पोटभर खायला घालू नका, चहा चालेल. ट्रॅक लागणार नाही. आधी पट्टी बघू.